इंजिन ऑइल नेमकं काय करतं? आणि डॅशबोर्डवरची लाल झारी पेटली तर काय करायचं?

मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आम्ही सगळे काकांच्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकमधून काशीदला गेलो होतो. परतताना सुरूच्या झाडांमधून गाडी मागे घेताना खालून 'ठक्क' आवाज आला. दगड लागला असेल, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. बोर्लीच्या पुढे आलो आणि डॅशबोर्डवर एक लाल दिवा पेटला. तेलाच्या झारीचं चित्र आणि तिच्या टोकाला एक थेंब. काका म्हणाले, "ऑइल कमी झालं असेल. रेवदंड्यात गॅरेज आहे, तिथे टाकू." चार-पाच किलोमीटर गेलो असू. आधी बारीक टकटक, मग हातोडी मारल्यासारखा खटखट आवाज, आणि कोर्लईचा किल्ला दिसायला लागला तेवढ्यात इंजिन बंद. चावी फिरवली तर स्टार्टर नुसता कण्हला. इंजिन जाम झालं होतं.

रेवदंड्याहून जे मिस्त्री आले त्यांचं मुख्य काम मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करण्याचं. त्यांनी गाडीखाली हात घातला, बोटं बाहेर काढून दाखवली आणि म्हणाले, "काका, चेंबर फुटलाय. दिवा लागला तेव्हाच बंद केली असती ना, तर नुसता चेंबर बदलून काम झालं असतं." इंजिन खोलावं लागलं. खर्च त्या गाडीच्या विकत्या किमतीच्या जवळपास निम्मा आला. गाडीतल्या पाच जणांपैकी एकालाही त्या दिव्याचा अर्थ माहीत नव्हता, आणि त्यातला एक इंजिनीअरिंग शिकत होता. भले कॉम्प्युटर ब्रँच का असेना!

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसलाय. तर मित्रांनो, इंजिनातलं तेल कुठून कुठे जातं, काय करतं आणि पाच मिनिटं मिळालं नाही तर एवढं नुकसान का होतं, ते आज नीट बघूया.

तेल म्हणजे फक्त वंगण नाही

आपल्याला वाटतं की सायकलच्या चेनला तेल सोडतो तसंच काहीतरी असेल. धातूवर धातू घासू नये म्हणून तेल, एवढंच. ते मुख्य काम आहेच. पण इंजिन ऑइल आणखी बरंच काही करतं. पिस्टन आणि बेअरिंगची उष्णता उचलून खाली आणतं, कारण रेडिएटरचं पाणी तिथपर्यंत पोचतच नाही. इंधन जळून तयार झालेली काजळी धुऊन स्वतःमध्ये धरून ठेवतं. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यातली बारीक फट बुजवतं, म्हणजे स्फोटाचा दाब खाली निसटत नाही. शिवाय आतल्या लोखंडाला गंज लागू देत नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेत हे शेवटचं काम किती मोठं आहे ते अलिबाग-मुरूडकडच्या कुठल्याही घराच्या खिडकीचे गज बघून कळेल.

म्हणूनच बाटलीत नुसतं तेल नसतं. मूळ तेलात अनेक रसायनं मिसळलेली असतात: काजळी धुणारी, फेस होऊ न देणारी, गंज थांबवणारी, धातूवर संरक्षक थर बसवणारी. वापरता वापरता ही रसायनंच आधी संपतात. तेल 'जुनं झालं' याचा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो.

तेलाचा प्रवास

बॉनेटच्या खाली, इंजिनाच्या सगळ्यात तळाला एक पत्र्याचं किंवा ॲल्युमिनियमचं पसरट भांडं असतं. पुस्तकात त्याला ऑइल संप किंवा ऑइल पॅन म्हणतात, आपल्याकडे गॅरेजमध्ये सगळे 'चेंबर'च म्हणतात. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण ३ ते ३.५ लिटर तेल असतं आणि गाडी बंद असताना ते जवळपास सगळं इथे येऊन बसतं. गाडीचा हा भाग रस्त्याच्या अगदी जवळ असतो. उंच स्पीडब्रेकर, कच्च्या रस्त्यावरचा जांभ्या दगडाचा उंचवटा, बीचजवळच्या पार्किंगमधली झाडांची मुळं, सगळ्यांचा पहिला मार यालाच बसतो.

चेंबरच्या तळाशी जाळी लावलेला एक पाइप बुडलेला असतो. त्यातून ऑइल पंप तेल वर ओढतो. हा पंप बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरच चालतो, म्हणजे इंजिन फिरलं की पंप फिरतो, इंजिन जोरात फिरलं की पंपही जोरात. पण जोर वाढला म्हणून दाब वाढतच गेला तर सील फाटतील. म्हणून पुढे एक प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह असतो. घरातल्या कुकरच्या शिट्टीसारखंच त्याचं काम: दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेला की स्प्रिंग दबते आणि जास्तीचं तेल परत फिरतं. गरम इंजिन नुसतं चालू ठेवलं तर दाब साधारण १ बारच्या आसपास असतो, वेगात गाडी चालताना ३ ते ५ बार. तुलनेसाठी, तुमच्या कारच्या टायरमध्ये २ बारपेक्षा थोडी जास्त हवा असते.

पंपानंतर फिल्टर. आत घडीघडीचा कागद, त्यातून तेल गाळून पुढे जातं. या फिल्टरमध्ये मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्याचा बायपास व्हॉल्व्ह. फिल्टर कचऱ्याने पूर्ण तुंबला, किंवा थंडीत तेल एवढं घट्ट असलं की कागदातून जाईना, तर हा व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळताच पुढे सोडतो. म्हणजे डिझाइन करणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलंय की घाण तेल चालेल, पण तेल नाही हे चालणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही असंच करतो: सर्व्हर अडकला तर जुना डेटा दाखवा, पण ॲप बंद पाडू नका. अर्थात याचा दुसरा अर्थ असाही की फिल्टर वर्षानुवर्षं बदलला नाही तरी गाडी काहीही तक्रार न करता चालत राहते, आणि आत कचरा फिरत राहतो. म्हणून तेल बदलताना 'फिल्टर पुढच्या वेळी' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

फिल्टरमधून तेल इंजिनाच्या ब्लॉकमध्ये कोरलेल्या एका मुख्य बोगद्यात येतं, तिला ऑइल गॅलरी म्हणतात. इथून फाटे फुटतात. काही तेल क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगना जातं. तिथून खुद्द क्रँकशाफ्टच्या पोटात आरपार पाडलेल्या भोकांतून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगपर्यंत पोचतं. काही तेल वर सिलिंडर हेडमध्ये कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्हकडे चढतं. गाडीला टर्बो असेल तर एक बारीक पाइप टर्बोकडे जातो. बऱ्याच इंजिनांत पिस्टनच्या खालच्या बाजूवर तेलाची पिचकारी मारणारे जेटही असतात. बेअरिंगच्या कडांमधून उडणारं तेल सिलिंडरच्या भिंतीवर पडतं आणि पिस्टनची खालची रिंग ते खरवडून परत खाली पाठवते. सगळं काम संपलं की तेल स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये टपकतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. चालत्या गाडीत चेंबरमधलं सगळं तेल एका मिनिटात कितीतरी वेळा ही फेरी मारून येतं.

पंपाशिवाय चालणारी इंजिनंही होती बरं का. फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीत ऑइल पंपच नव्हता. फिरणारे भाग तेलात बुडून शिंतोडे उडवायचे आणि त्यावर भागायचं. त्या इंजिनाचा वेग कमी होता म्हणून ते चाललं.

गंमत बेअरिंगमध्ये आहे

आता जरा हळू वाचा, कारण सगळा खेळ इथे आहे.

बेअरिंग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गोळ्यांचं बेअरिंग येतं. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये बहुतेक गाड्यांत एकही गोळी नसते. मऊ धातूचा लेप दिलेल्या दोन अर्धगोल पट्ट्या असतात आणि त्यांच्या मधोमध क्रँकचा गुळगुळीत दांडा फिरतो. दांडा ५० मिलिमीटर जाडीचा धरा. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर तो सेकंदाला ५० फेऱ्या मारतो. हिशोब केला तर त्याचा पृष्ठभाग ताशी साधारण २८ किलोमीटर वेगाने बेअरिंगवरून सरकतोय. वरून प्रत्येक स्फोटाबरोबर पिस्टनचा दणका. आणि तरीही दांडा आणि बेअरिंग एकमेकांना शिवत नाहीत! मध्ये तेलाचा एक थर असतो, फक्त काही मायक्रॉन जाड. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज घ्या.

एवढासा थर तो दणका कसा झेलतो? मलाही आधी वाटायचं की पंपाच्या दाबामुळे. पण पंपाचा दाब ३-४ बार, आणि बेअरिंगवर येणारा दाब त्याच्या कितीतरी पट. मग हा दाब येतो कुठून?

याचं उत्तर १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये जवळजवळ चुकून सापडलं. बोशां टॉवर नावाचा इंजिनीअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. त्याने तेल सोडण्यासाठी बेअरिंगच्या वरच्या बाजूला भोक पाडलं. मशीन सुरू केल्यावर तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर यायला लागलं. त्याने बुचाने भोक बंद केलं. बूच बाहेर फेकलं गेलं. मग लाकडी खुंटी ठोकली, तीही वर सरकत बाहेर आली. शेवटी त्याने तिथे प्रेशर गेज बसवला आणि दिसलं की आतलं तेल अंगावरचं सगळं वजन स्वतःच्या दाबाने उचलून धरतंय. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑसबोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने याचं गणित मांडलं. आज जगात कुठेही बेअरिंग डिझाइन होतं ते याच गणितावर.

झालं असं होतं: दांडा फिरताना चिकट तेलाला स्वतःबरोबर ओढतो. दांडा बेअरिंगच्या अगदी मध्यावर नसतो, थोडा एका बाजूला असतो, म्हणून फट एका ठिकाणी रुंद आणि पुढे निमुळती होत जाते. रुंद बाजूने ओढलेलं तेल निमुळत्या जागेत घुसतं, त्याला जायला जागा नसते, दाब प्रचंड वाढतो आणि दांडा उचलला जातो. तेलाची पाचरच ती.

ही पाचर तुम्ही पाहिलेली आहे. मांडव्याच्या जेट्टीवरून निघालेली स्पीडबोट आठवा. सुरुवातीला पाण्यात बसलेली असते, वेग घेतला की नाक वर करून पाण्यावर चढते. वेग सोडला की परत खाली बसते. किंवा पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यावर गाडी जोरात घातली की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टेअरिंग एकदम हलकं होतं. रस्त्यावर ही गोष्ट जीवघेणी, बेअरिंगमध्ये हीच गोष्ट हवीहवीशी.

यावरून दोन गोष्टी लगेच कळतात. एक, पंपाचं काम वजन उचलायचं नाही, तर पाचरीला सतत तेल पुरवत राहायचं. कडांमधून तेल गळतच असतं, पुरवठा थांबला की काही सेकंदांत पाचर संपते. दुसरं, पाचर वेगावर अवलंबून आहे. इंजिन बंद असताना पाचर नसते, दांडा खाली बसलेला असतो. म्हणजे सकाळी गाडी सुरू करतानाचे पहिले काही क्षण धातू खरोखरच धातूवर घासतो. तेव्हा कामाला येतो तो रसायनांनी बसवलेला थर. जस्त आणि फॉस्फरस असलेलं एक संयुग धातूवर पातळ कवच तयार करतं आणि धातूऐवजी स्वतः झिजतं. गाडी सुरू केल्या केल्या ॲक्सिलरेटर दाबून घूं-घूं करणाऱ्यांनी हे वाचावं ही विनंती. पाच-दहा मिनिटं उभं राहून गरम करायचीही गरज नाही. अर्धा मिनिट थांबा आणि हळू निघा.

आता आमच्या गाडीचं काय झालं ते सांगता येईल. दगडाने चेंबरला चीर गेली. बोर्लीपर्यंत तेल गळत गेलं आणि पातळी पाइपच्या तोंडाखाली गेली. पंपाने तेलाऐवजी हवा ओढली. दाब पडला, दिवा लागला. त्या क्षणी बेअरिंगमध्ये थोडं तेल शिल्लक होतं आणि नुकसान जवळपास काहीच नव्हतं. पुढच्या मिनिटांत पाचर संपली, मऊ धातूचा लेप तापून वितळायला आणि खरवडायला लागला, फट वाढली. फट वाढली म्हणून रॉड दांड्यावर आपटायला लागला, तो खटखट आवाज त्याचाच. शेवटी बेअरिंगची पट्टी दांड्याला चिकटली आणि इंजिन जागेवर थांबलं.

लाल झारी आणि पिवळी झारी

हा दिवा तेल किती आहे ते सांगत नाही. बहुतेक लोकांची गल्लत इथेच होते, आमच्या काकांचीही झाली. लाल झारी तेलाचा दाब सांगते. गॅलरीवर एक साधा स्विच असतो आणि दाब खूपच खाली गेला, साधारण अर्ध्या बारच्याही आत, तरच तो दिवा लावतो. म्हणजे ती 'लवकरच टाकी भरा' अशी आठवण नाही. ती पेटली याचा अर्थ नुकसान आता, या क्षणी सुरू होतंय. काही गाड्यांत वेगळी पिवळी झारी असते, ती पातळी कमी झाल्याचं सांगते. पिवळी दिसली तर थोडा वेळ हातात आहे.

लाल झारी चालत्या गाडीत पेटली तर लगेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. घाट असो की वाडी, जिथे सुरक्षित जागा मिळेल तिथे. गॅरेज 'फक्त दोन किलोमीटर' असलं तरी. दहा मिनिटं थांबून डिपस्टिक बघा, खाली वाकून तेल टपकतंय का बघा. पातळी कमी असेल आणि गळती नसेल, तर तेल टाकून इंजिन सुरू करून बघता येईल. सुरू केल्यावर काही सेकंदांत दिवा गेला नाही तर पुन्हा बंद करा आणि टोइंग बोलवा. पातळी बरोबर असूनही दिवा लागला असेल तर स्विच बिघडलेला असू शकतो, पण ते मेकॅनिकने गेज लावून सांगू दे. आपण तसं गृहीत धरून चालवायची नाही.

वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर दिवा क्षणभर लुकलुकला, तर तेल कमी आहे आणि एका बाजूला गेल्यावर पंपाला मिळत नाहीये. ही फार मोलाची सूचना आहे, सोडू नका.

आणि रोज एक फुकटची तपासणी करा: चावी ऑन केली की, इंजिन सुरू होण्याआधी, झारी पेटायला हवी आणि इंजिन सुरू झालं की विझायला हवी. चावी ऑन केल्यावर पेटतच नसेल तर दिवाच मेलाय, म्हणजे वेळ आली तर कुणी सांगणारच नाही. काही नव्या गाड्यांत हा क्रम थोडा वेगळा असतो, त्यासाठी मॅन्युअल बघा.

इथे तुमच्यातले बरेच जण म्हणतील, ओबीडी डोंगल लावून मोबाइलवर बघतो की. चांगली सवय आहे, पण बहुतेक साध्या गाड्यांत तेलाच्या दाबाचा सेन्सरच नसतो, फक्त तो चालू-बंद स्विच असतो. त्यामुळे ॲपमध्ये आरपीएम, तापमान सगळं दिसेल, दाबाचा आकडा दिसणार नाही. तिथे डोळे डॅशबोर्डवरच हवेत.

डिपस्टिक बघायची तर गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी. काठी काढा, पुसा, पुन्हा पूर्ण घाला, काढा, वाचा. खालच्या आणि वरच्या खुणेत बऱ्याच गाड्यांमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो. वरच्या खुणेच्या पुढे भरू नका. 'जास्त असलं तर बरंच' हे खोटं आहे: फिरणारा क्रँक त्या तेलात बुडाला तर ताक घुसळल्यासारखा फेस होतो, आणि पंप फेस ओढायला लागला की पुन्हा तेच, हवा.

किलोमीटर की तास?

रेवदंड्याच्या त्या मिस्त्रींनी मला एक गोष्ट सांगितली जी कुठल्याच सर्व्हिस सेंटरमध्ये कुणी सांगितली नव्हती. बोटीला किलोमीटर नसतात. बोटीच्या इंजिनाचं तेल तासांवर बदलतात. बऱ्याच डिझेल इंजिनांना २५० तासांच्या आसपासचा आकडा असतो. तांडेल डोक्यात हिशोब ठेवतो, किंवा इंजिनावरचा तासांचा मीटर बघतो. मोठी कामं जून-जुलैच्या मासेमारी बंदीत निघतात, जेव्हा बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात.

आता हाच हिशोब गाडीला लावा. १०,००० किलोमीटरला तेल बदला असं कंपनी सांगते. सरासरी ताशी ५० किलोमीटरने हायवेवर फिरलात तर ते २०० तास होतात. तीच गाडी सरासरी २० ने फिरली तर ५०० तास! गणपतीत वडखळच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास इंजिन चालू ठेवून उभे असता तेव्हा मीटरवर किलोमीटर जवळजवळ वाढत नाहीत, पण तेल तापतंय, काजळी धरतंय, म्हातारं होतंय. म्हणूनच मॅन्युअलमध्ये 'सिव्हिअर कंडिशन' म्हणून एक वेगळा तक्ता असतो: ट्रॅफिक, धूळ, अगदी छोट्या फेऱ्या. आपल्यातल्या बहुतेकांची गाडी त्याच तक्त्यात बसते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणारी रो-रो २०२० मध्ये सुरू झाल्यापासून निदान तो पर्याय आहे. बोटीत गाडी बंद उभी असते.

छोट्या फेऱ्यांचं दुखणं वेगळं. घरापासून बाजारापर्यंत दोन किलोमीटर गाडी नेली आणि परत आणली, तर तेल पूर्ण तापतच नाही. इंधन जळताना तयार झालेली वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं. तेल नीट तापलं तर ते उडून जातं, नाही तर साचत राहतं. म्हणून कमी फिरणाऱ्या गाडीचंही तेल वर्षातून एकदा बदलायचं असतं. 'गाडी तर उभीच होती' हे कारण चालत नाही.

पाणी शिरलं तर

जुलै २०२१ मध्ये महाडला सावित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. किनाऱ्यावर वेगळा प्रकार: ओहोटीच्या वेळी बीचवर गाडी घालायची, चाक रुतलं की धावपळ, आणि तोवर भरती. असे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील.

बुडालेली गाडी सुरू करून बघायची नाही. यामागचं एक कारण सगळे सांगतात: सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि रॉड वाकतो. दुसरं कारण तेलाशी संबंधित आहे. तेल पाण्यावर तरंगतं. म्हणजे चेंबरमध्ये पाणी शिरलं तर ते तळाला बसणार, आणि पंपाचा पाइप तळालाच असतो! सुरू केल्याबरोबर पंप बेअरिंगना तेलाऐवजी पाणी पाजणार. डिपस्टिकवर मात्र पातळी झकास, उलट वाढलेली दिसेल. म्हणून आधी ड्रेन बोल्ट उघडून सगळं काढायचं, फिल्टर बदलायचा, नवीन तेल भरायचं, आणि मग पुढचं. समुद्राचं पाणी असेल तर दिवस घालवू नका, मिठाने आत गंज धरायला वेळ लागत नाही.

डिपस्टिकवर किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर तेलात पाणी मिसळलंय. नुसत्या झाकणाखाली थोडा पांढरट फेस असेल तर पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांमुळे जमलेली वाफ असू शकते. एक लांबची चक्कर मारून या, तो जातो. पण काठीवरचं तेलच चहासारखं असेल तर हेड गॅस्केट गेल्याची शक्यता आहे, मेकॅनिककडे न्या.

बाटलीवरचे आकडे

५डब्ल्यू-३० म्हणजे काय? डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं ते सांगतो, जितका लहान तितकं चांगलं. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती घट्ट राहतं ते.

इथे आपल्याकडे एक समज फार घट्ट आहे: 'कोकणात उकाडा असतो, जरा जाड तेल टाका.' बाहेर ३४ अंश असो की २०, इंजिन एकदा तापलं की तेल साधारण ९० ते ११० अंशांच्या आसपासच राहतं, कारण थर्मोस्टॅट आणि रेडिएटर त्यासाठीच आहेत. नव्या इंजिनांतल्या फटी आणि तेलाच्या वाटा ठरावीक तेलासाठी बनवलेल्या असतात. ०डब्ल्यू-२० लिहिलंय तिथे २०डब्ल्यू-५० टाकलं तर सकाळी वरच्या भागात तेल पोचायला उशीर होतो. मॅन्युअलमध्ये जो आकडा तोच घ्या. त्याबरोबर एपीआय दर्जाही बघा. पेट्रोलसाठी एसएन, एसपी अशी अक्षरं असतात. २०२० मध्ये आलेला एसपी दर्जा एसएनपेक्षा नवा.

दुसरा समज: तेल काळं झालं म्हणजे खराब झालं. डिझेल गाडीत नवं तेल काहीशे किलोमीटरमध्येच काळं होतं. काजळी धुऊन धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. रंगावरून निर्णय घेऊ नका, तास आणि तारखेवरून घ्या.

बाइकवाल्यांसाठी खास: कारचं उरलेलं तेल बाइकमध्ये ओतू नका. बहुतेक गिअरच्या बाइकमध्ये क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि कारच्या तेलातली घर्षण कमी करणारी रसायनं क्लच घसरवतात. बाटलीवर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. गिअर नसलेल्या स्कूटरला हा प्रश्न नाही, तिच्यासाठी एमबी असतं.

काढलेलं तेल

आमच्याकडे गॅरेजमधलं काळं ऑइल अजूनही लोक डब्यात मागून नेतात. कुंपणाच्या खांबांना, दाराच्या चौकटीला, वाळवी लागू नये म्हणून फासायला. वापरलेल्या तेलात झिजलेल्या धातूचे कण आणि जळलेल्या इंधनाचे विषारी अंश असतात, ते पावसात धुऊन विहिरीत आणि खाडीत जातात. हातालाही वारंवार लागू देऊ नये. कायद्याने वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे. २०१६ च्या नियमांत ते आहेच, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेलं तेल गोळा करून पुनर्प्रक्रियेला देण्याची जबाबदारी टाकली आहे. गाळून, पाणी आणि कचरा काढून त्यातून पुन्हा मूळ तेल बनवता येतं.

घरी तेल बदलणार असाल तर जुनं तेल त्याच रिकाम्या बाटलीत परत भरा आणि जिथे मोठ्या प्रमाणावर तेल बदललं जातं अशा सर्व्हिस सेंटरला किंवा गॅरेजला द्या. त्यांच्याकडून नेणारा ठरलेला माणूस असतो. ड्रेन बोल्टचं वॉशर मात्र नवीन घाला. पाच-दहा रुपयांची वस्तू आहे आणि ती जुनीच ठेवल्यामुळे थेंब थेंब गळणाऱ्या गाड्या मी बऱ्याच पाहिल्यात. बदलल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली एक जुना पेपर पसरून बघा, डाग दिसला तर बोल्ट पुन्हा तपासा.